लाल बूट घरी पोचलेच नाहीत

१

बायको जाऊन दीड महिना झाला आणि तिचे बूट तळ्यावर फिरायला गेले.

ड्रायव्हरला हे कळलं ते भांडी घासताना. जन्मभर त्याने मालट्रक चालवला होता. आता ट्रक विकून टाकला होता, तरी सगळे त्याला ड्रायव्हरच म्हणायचे. ओट्यावर बायकोचा जुना टॅब भिंतीला टेकून उभा असायचा. त्यावर तो बातम्या ऐकायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही. त्या सकाळी बातम्यांच्या मध्येच टिंग वाजलं. हात पुसून बघतो तर बायकोच्या ग्रुपवर बायकोच्याच खात्यावरून नवा फोटो आला होता.

ग्रुपचं नाव ‘पोचलात की कळवा’. वीसेक माणसं, गावोगावची, एकमेकांना कधीही न भेटलेली. कुणी टेकडी चढली, कुणी बाजारात गेलं, कुणी नुसता कोपऱ्यावरून साबण आणला, की आपल्या पायांचा फोटो टाकायचा आणि खाली दोन ओळी लिहायच्या. चेहरा दाखवायचा नाही, नाव विचारायचं नाही. जो तो पायातल्या वस्तूने ओळखला जायचा. गमबूट, निळी सँडल, काळी चप्पल. त्याची बायको म्हणजे लाल बूट.

“रोज कुठे गेलो ते परक्या माणसांना कशाला सांगायचं?” तो तिला चिडवायचा.

“तू नाही का, वाटेत ट्रक थांबवून समोरून येणाऱ्याला पुढचा रस्ता कसा आहे ते सांगायचास? त्यातला कोण तुझ्या मावशीचा मुलगा होता?”

अंथरुणाला खिळल्यावरही तिने हे सोडलं नाही. ‘आज पलंगापासून खिडकीपर्यंत चढाई. वाटेत एक स्टूल आडवं आलं. हार मानली नाही.’ वीस माणसं टाळ्या वाजवायची.

आता टॅबवर तळं दिसत होतं. बाकावर कुणीतरी बसलंय असं वाटावं अशी चौकड्यांची घोंगडी वरून लोंबत होती आणि तिच्याखाली तिचे लाल बूट, चिखलात, शेजारी शेजारी. खाली लिहिलं होतं : ‘आज तळ्यावर. हवा सुरेख. काठावरच्या बंगल्यात फक्कड चहा घेतला. खोल्या स्वच्छ, माणसं अगत्याची. तुम्हीही या!’

ट्रकच्या सीटखाली एकदा उंदीर मरून पडला होता. चार दिवस वास येत होता आणि सापडत नव्हता. शेवटी हात घातला तेव्हा बोटांना जे लागलं, तसंच त्याला आता वाटलं. त्याने नळ सोडून हात पुन्हा धुतले. मग चष्मा लावून फोटो मोठा केला.

बुटांच्या नाड्यांना साधी गाठ नव्हती. दोन वेढे, मध्ये पीळ आणि टोकं आत खोचलेली. ट्रकवर ताडपत्री बांधायची ती गाठ. व्हीलचेअरच्या चाकात तिची नाडी एकदा अडकली, तेव्हापासून तिच्या बुटांना ती मारणारा जगात एकच माणूस होता.

गाठ त्याची स्वतःची होती.

२

वरच्या मजल्यावर तपासनीसबाई राहायच्या. विमा कंपनीत त्यांनी तीस वर्षं खोटे दावे हुंगून काढले होते. माणूस दारात उभा राहिला की तो खरं बोलायला आलाय की खोटं, हे आधी बघायची त्यांना खोड होती.

“बस. मेलेल्या बाईचा फोटो बघतोयस अशी तुझी चर्या झालीय.”

“बाई, तेच बघतोय.”

त्यांनी टॅब हातात घेतला, आणि अर्धा टोस्ट बशीत तसाच राहिला. तळ्यावरची पोस्ट पहिली नव्हती. गेल्या काही दिवसांत अशा आणखी दोन आल्या होत्या, एक टेकडीवरची, एक झऱ्यावरची. बातम्या चालू नसल्या की टॅब बंदच असे, म्हणून त्याला कळलं नव्हतं.

“हे बूट कुठे होते?”

“हरवले होते. इस्पितळाच्या धावपळीत. फोनही तेव्हाच गेला. लेकीने किती शोधले! आईचे बूट तरी राहू देत म्हणत रडत होती. ती कपाटाखाली आडवी झाली होती, जावई बिचारा शेजारी टॉर्च धरून बसला होता. मी म्हटलं, जाऊ दे, गेले.”

“फोनला कुलूप?”

“तिला कुलपांचा कंटाळा.”

“म्हणजे ज्याच्याकडे बूट त्याच्याकडे फोन. आता सांग, शेवटच्या दिवसांत आणि नंतर घरात कोण वावरत होतं?”

लेक सोडली तर तिघंच. मेहुणी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, तिने कपड्यांचं कपाट आवरलं. सांभाळायला येणारी आया, तिने औषधं आणि अंथरूण आवरलं. आणि जावई. त्याचा सहली काढायचा धंदा, दारात व्हॅन. भाड्याचा पलंग, व्हीलचेअर, रिकामी खोकी, जे जे जड होतं ते त्याने नेलं.

“आयाच असणार,” ड्रायव्हर म्हणाला. “माझी गाठ तिने रोज बघितलीय. शेवटी शेवटी बायकोची बोटं थरथरायची, तेव्हा ती सांगायची आणि ही पोरगी फोनवर लिहायची. बायकोसारखं लिहिणं तिलाच जमेल.”

“हे बायकोसारखं लिहिलंय?”

ड्रायव्हरने पुन्हा वाचलं. मग मान हलवली. “बाहेरच्या चहाला तिने जन्मात फक्कड म्हटलं नाही. मी केलेल्याला तरी कुठे म्हणायची?”

बाई हसल्या नाहीत. त्यांचं बोट फोटोखालच्या उत्तरांवर थांबलं होतं. गमबूट नावाच्या बाईने लिहिलं होतं : ‘लाल बूट, रविवारी येतेय! तुम्ही सांगितलेल्या बंगल्यातच खोली घेतली. एवढ्या वर्षांची रजा साठवून ठेवली होती, ती आता काढली. शेवटी एकदा तुमच्या बुटांशेजारी माझे बूट.’

आणि त्याखाली ड्रायव्हरच्या मेलेल्या बायकोने उत्तर दिलं होतं : ‘वाट बघतेय!’

“मी आत्ता लिहून टाकतो,” ड्रायव्हर उठला. “ती गेली म्हणून.”

“लिही. म्हणजे चोर सावध होईल, फोन नदीत जाईल, आणि तुझ्या बायकोच्या मैत्रिणीला ती गेल्याचं भांडी घासता घासता कळेल. तुला कळलं तसं.”

तो खाली बसला. त्याला फार काही नको होतं. बायको मेली होती, तर तिला धड मेलेली राहू द्यावी, एवढंच. आणि रविवारी कुणा भल्या बाईने तळ्याकाठी बसून मेलेल्या माणसाची वाट बघू नये.

“रविवारच्या आत शोधू,” बाई म्हणाल्या. “आधी मेहुणी.”

३

मेहुणीने दार उघडलं तेव्हा तिच्या अंगात बायकोचा तपकिरी स्वेटर होता. कोपराला बायकोनेच लावलेलं ठिगळ. ड्रायव्हरची नजर तिथे गेली आणि तिथेच राहिली.

“काय भावोजी? असे काय बघता? तुम्हीच म्हणालात ने म्हणून.”

“आणि बूट?” बाईंनी विचारलं.

“शी! मेलेल्या माणसाचे बूट कोण घालतं?”

“स्वेटर चालतो वाटतं.”

“स्वेटर धुता येतो,” मेहुणी फणकारली. मग तिने ड्रायव्हरच्या हातातला टॅब बघितला आणि तिचा चेहरा पालटला. राग नव्हता तो. नासक्या दुधाचं भांडं उघडल्यावर होतो तसा झाला.

“म्हणजे तुम्ही आता हे सगळ्यांना दाखवत फिरताय?”

“काय हे?”

“भावोजी, मी आहे त्या ग्रुपात. काळी चप्पल म्हणजे मीच. ताईला कळू दिलं नव्हतं. ती रोज काय करते ते बघायचं होतं मला, मला ती कधी फोन करायची नाही ना.” तिचा आवाज चिरकला. “ताई गेल्यावर तिचे फोटो यायला लागले. गाठ बघितली. ती गाठ तुमच्याशिवाय कुणाला येत नाही. म्हटलं, दुःखाने डोकं फिरलंय माणसाचं. बायकोचे बूट पिशवीत घालून गावभर फिरतोय, तिच्या नावाने चहाची स्तुती लिहितोय. गप्प बसले. पण खरं सांगू? किळस आली मला तुमची.”

ड्रायव्हरने टॅब छातीशी धरला. तोही आतापर्यंत हेच म्हणत आला होता, गाठ आपली म्हणून. एक क्षण त्याला स्वतःचाच संशय आला. झोपेत तर आपण...

“हा नव्हे,” बाई थंडपणे म्हणाल्या. “याला फोटो नीट काढता येत नाही. अंगठा येतो मध्ये. तू मला एक सांग. ग्रुपातल्या बाकीच्यांना काही खटकलं नाही?”

“खटकलं ना. गमबूट तर प्रत्येक फोटोखाली तेच विचारते.” मेहुणीने उत्तरं वर सरकवून दाखवली.

तळं, टेकडी, झरा, तिन्ही फोटोंखाली तोच प्रश्न होता : ‘घरी पोचलात का?’

आणि लाल बुटांनी एकदाही त्याचं उत्तर दिलं नव्हतं.

४

आया आता दुसऱ्या घरी, दुसऱ्या म्हातारीकडे होती. ती मागच्या गच्चीवर चादरी वाळत घालताना भेटली. ड्रायव्हरला बघून आधी हसली, मग तिचे डोळे भरले.

“काका, जेवता का वेळेवर?”

तो आरोप घेऊन आला होता. त्याऐवजी तो ‘जेवतो’ म्हणाला. बाईंनी टॅब पुढे केला. पोरीने बघितलं आणि चादर हातातून दोरीवर तशीच चुरगळून पडली.

“हे कुणी केलं? हे तर चुकीचं आहे.”

“चुकीचं म्हणजे पाप, की चुकीचं म्हणजे चूक?”

“दोन्ही. पाय बघा ना. दुकानात मांडल्यासारखे सरळ ठेवलेत. काकू असं कधी करू द्यायच्या नाहीत. फोटो मीच काढायचे, दहादा बदलायला लावायच्या.” तिने आपलाच डावा पाय पुढे टाकला. “निघताना डावा बूट पुढे. आणि घरी परत आलं की उंबऱ्यावर उजवा पुढे, असा दुसरा फोटो. तो वर टाकायचा नाही, पहिल्याच्या खाली, उत्तरांत. त्याला कुणी टाळ्या देत नाही. नुसतं लिहायचं, पोचले. अख्खा ग्रुप करतो तसं. घरी पोचल्याशिवाय फिरणं पुरं होत नाही म्हणायच्या काकू. पलंगापासून खिडकीपर्यंत गेल्या तरी परत पलंगावर आल्याचा फोटो लागायचा.”

“हे कुठे लिहून ठेवलंय?”

“लिहायला कशाला हवं? सगळ्यांनाच माहीत आहे.”

बाई आणि ड्रायव्हर जिना उतरले.

“ही नव्हे,” ड्रायव्हर म्हणाला.

“ही नव्हे. मेहुणीही नव्हे, ती तर ग्रुपातली, स्वतःच्या काळ्या चपलेचे पोचल्याचे फोटो टाकते. ज्याने हे केलं त्याने फक्त वरवरचं वाचलं. टाळ्या कुठे पडतात तेवढंच बघितलं. खाली आला तो फक्त येणाऱ्याला हो म्हणायला; तिथे कुणी कुणाची काळजी करतंय, ते त्याला दिसलंच नाही.” बाई फाटकाशी थांबल्या. “आता तुझी गाठ.”

“तिचं काय?”

“ती कुणी मारलीच नाही, ड्रायव्हर. ती कुणी सोडलीच नाही. नीट बघ, तिन्ही फोटोंत खोचलेलं टोक त्याच जागी, तोच पीळ. बूट घातलेलेच नाहीत. रिकामे ठेवलेत आणि वरून घोंगडी सोडलीय. बूट जसे तू काढलेस तसेच त्या माणसाच्या हाती लागले. म्हणून मला सांग, शेवटचे बूट तू कुठे काढलेस?”

“आठवत नाही.”

“आठव.”

“बाई, नको.”

“रविवारी ती बाई तळ्यावर बसेल.”

५

तो फाटकाच्या कट्ट्यावर बसला आणि जे दीड महिना टाळत होता ते आठवू लागला.

बाग. तिने हट्ट धरला होता, आज मोठी मोहीम, कारंज्यापर्यंत. त्याने तिचे बूट बांधले, गुडघ्यांवर घोंगडी टाकली, खुर्ची ढकलत नेली. कारंज्यापाशी तिने कसाबसा फोटो काढून ग्रुपवर टाकला, डावा पाय पुढे. पाय सुजलेले होते, म्हणून गाठ सैलच मारली होती. परतताना ती म्हणाली, बूट टोचतात. त्याने वाकून तसेच ओढून काढले. गाठ न सोडता. फोन तिच्या हातातून निसटत होता, तोही घेतला. घोंगडी तिला गरम व्हायला लागली, तीही काढली. आणि मग तिने मान टाकली.

“ते सगळं हातात घेऊन मी काय केलं...” तो थांबला. “खुर्चीच्या पाठीला पिशवी होती, बाई. तिच्यात कोंबलं. घोंगडी वर. मग इस्पितळाची गाडी आली, मी तिच्याबरोबर गाडीत बसलो. खुर्ची बागेच्या पहारेकऱ्याने नंतर आणून जिन्याखाली लावली. त्या पिशवीत मी परत हातच घातला नाही.”

“घोंगडी कसली?”

“चौकड्यांची.”

त्याने टॅबकडे बघितलंही नाही. दीड महिना ती खुर्ची त्याच्या डोक्यात जिन्याखालीच उभी होती. आता ती तिथून हलली.

“एक शेवटचं,” बाईंचा आवाज आता हळू झाला होता. “दुपारी तळ्यावर फिरायला गेलेली, संध्याकाळी घरी परतणारी बाई, ती बंगल्यातल्या खोल्या स्वच्छ आहेत की नाही हे कशाला बघेल? खोल्या कोण बघतं? त्या भाड्याने देणारा. नाहीतर त्या भरून देणारा.” त्यांनी श्वास घेतला. “खुर्ची परत कुणी केली, ड्रायव्हर?”

ड्रायव्हर कट्ट्यावरून उठला. त्याला फक्त कपाटाखाली शिरलेला एक टॉर्चचा उजेड दिसत होता.

६

जावयाचं ऑफिस काचेचं होतं. भिंतींवर डोंगर, समुद्र आणि हसणारी माणसं. पुढच्या टेबलावर लेक फोन घेत होती. बापाला बघून तिने हात हलवला, फोनवर बोलतच राहिली. ‘हो, तळ्याकाठचाच बंगला. रविवारी फुल आहे, पुढचा चालेल का?’

आतल्या खोलीत जावई उठून उभा राहिला. “बाबा! सांगायचंत ना, गाडी पाठवली असती. बसा. काय घेणार?”

“बूट.”

“काय?”

“बूट दे.”

जावयाने हसून बाईंकडे बघितलं. बाईंनी दार मुद्दाम उघडंच ठेवलं होतं. त्या बोलू लागल्या तशा जणू जळक्या गोदामाचा अहवाल वाचत होत्या. गाठ सोडली नाही, म्हणजे बूट पिशवीतून आले. पिशवी खुर्चीला. खुर्ची तुझ्या व्हॅनमध्ये. डावा-उजवा तुला माहीत नाही, कारण खालचं तू खोली घेणाऱ्यापुरतंच वाचतोस. टेकडी, तळं, झरा, तिन्ही ठिकाणच्या खोल्या तू भरतोस, त्यांची चित्रं बाहेर लागलीत.

हसू हळूहळू उतरलं. त्याने टेबलाचा खालचा खण उघडला. दात कोरायच्या काड्या, जाहिरातींचे कागद, चार्जर, आणि त्यांत लाल बूट. तळव्यांना तळ्याचा वाळलेला चिखल होता. शेजारी तिचा फोन चार्जिंगला लावलेला.

ड्रायव्हरने तिकडे हात नेला आणि मागे घेतला.

“बाबा, शांतपणे ऐका. मी वाईट काही लिहिलं नाही. आईंवर लोकांचं किती प्रेम! त्या तळ्यावर गेल्या म्हटल्यावर लोक तळ्यावर जातात. जाहिरातींवर एवढा खर्च केला, कुणी ढुंकून बघितलं नाही. आणि आईंच्या दोन ओळी! एका अर्थी मी त्यांना जिवंत ठेवलं.”

“जिवंत नाही ठेवलंस. कामाला लावलंस.”

“असं कसं म्हणता? घर चालतं त्यावर. तुमच्या मुलीचंच.”

“आणि रविवारी?” बाईंनी विचारलं. “ती गमबूटवाली आली असती तर?”

“ताप आला असं कळवलं असतं. शनिवारी. म्हणजे बुकिंग रद्द करता येत नाही.” तो बोलून गेला, मग सावरला. “हे कायमचं थोडंच चालणार होतं? सीझन संपला की आईंना आजारी पाडणार होतो. थोडे दिवस आजारी, मग नीट निरोप. लोकांनाही बरं वाटलं असतं. मी मजकूरसुद्धा लिहून...”

बाहेरचा फोन वाजत राहिला आणि कुणी उचलला नाही.

“ती एकदा मेली,” ड्रायव्हर म्हणाला. “माझ्या हातांत मेली. तू तिला परत मारायला निघालास, आणि तेही सीझन बघून.”

त्याला त्या माणसाला मारावंसंही वाटलं नाही. मारायला हात लावावा लागला असता.

दारात लेक उभी होती. केव्हापासून, कुणास ठाऊक. ती आत आली, खणातून बूट उचलले, चार्जरची वायर काढून फोन घेतला. ती नवऱ्याकडे वळली.

“टॉर्च तू धरला होतास,” ती म्हणाली. “मी कपाटाखाली शोधत होते, आणि टॉर्च तू धरला होतास.”

मग ती बापाच्या मागोमाग बाहेर पडली. टेबलावरचा फोन अजून वाजत होता.

७

रविवारी ड्रायव्हर एकटाच तळ्यावर गेला. लेक यायला तयार होती, पण ती नीट उभी राहू शकत नव्हती, दोन दिवस काही खाल्लं नव्हतं तिने. बापाच्या घरी ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. खाल्लेलं ड्रायव्हरलाही गोड लागत नव्हतं. बूट त्याने तीनदा पुसले होते. गाठीला पाणी लागू दिलं नव्हतं.

बंगल्याच्या फाटकापाशी एक बाक होता. बहुधा तोच. त्याने बूट खाली ठेवले, आपल्या पायांशेजारी, आणि वाट बघू लागला.

गमबूटवाली लांबून ओळखू आली. बाकीच्यांनी सहलीचे पांढरे जोडे घातले होते, ही रजेच्या दिवशीही गमबुटांत. नदीपार जाणाऱ्या बोटीवर ती तिकिटं फाडायची. ठेंगणी, रुंद, पन्नाशीची. ती झपाझप आली, तिने खाली बघितलं, लाल बूट बघितले आणि चेहरा फुलला. मग नजर हळूहळू वर आली. बूट रिकामे होते. शेजारी एक म्हातारा माणूस बसला होता.

“तुम्ही ड्रायव्हर,” ती म्हणाली. “त्या लिहायच्या तुमच्याबद्दल.”

त्याने मान हलवली.

ती त्याच्या शेजारी बसली. तिने आपले गमबुटांतले पाय लाल बुटांशेजारी ठेवले.

“केव्हा?”

“कारंज्याच्या दिवशी.”

“तरीच. त्या दिवसापासून त्या पोचल्याच नाहीत.” तिने बाहीने नाक पुसलं. “मग हे तळं, टेकडी?”

त्याने सगळं सांगितलं. जावयाचं सांगताना त्याची जीभ जड झाली, आपल्याच घरातली घाण परक्यापुढे उपसताना होते तशी. तिने मध्ये एकदाच विचारलं, “खोलीचे पैसे त्याला मिळणार?” आणि हो म्हटल्यावर ती तळ्यात थुंकली. मग उठली.

“मला त्या बंगल्यात पाणीसुद्धा प्यायचं नाही. तुमच्या घरी नेता?”

घरी त्याने चहा केला. लेक उठून बसली, पाहुणीला बघून तिने तोंड धुतलं. मेहुणी आली, स्वेटर घालूनच आली. ती दारातच थबकली. “मी काळी चप्पल,” ती गमबूटवालीला म्हणाली, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. वरून तपासनीसबाई आल्या. त्यांनी चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

“बायको बरोबर होती तुझी.”

गमबूटवालीने बूट उंबऱ्यावर ठेवले. उजवा पुढे. थोडा आणखी पुढे. मग मागे सरून बघितलं, पुन्हा सारखा केला. “आता काढा फोटो. तुम्ही काढा.”

ड्रायव्हरने काढला. कोपऱ्यात त्याचा अंगठा आलाच. दुसरा काढू का म्हणाला तर कुणी काढू देईना. बायकोच्या फोनवरून त्याने तो कारंज्याच्या फोटोखाली, उत्तरांत टाकला, आणि एकेक अक्षर शोधून लिहिलं : ‘पोचली. — तिचा नवरा.’

फोन थोडा वेळ गप्प राहिला. मग निळी सँडल आली. मग कुणी सायकलचे जोडे, कुणी घरातल्या सपाता. कुणी काही लिहिलं नाही. जो तो आपापल्या उंबऱ्यावर, उजवा पाय पुढे करून उभा होता.

संध्याकाळच्या बसला गमबूटवाली निघाली. ड्रायव्हर तिला थांब्यापर्यंत सोडायला गेला. बस आली, ती पायरीवर चढली, वळून बघितलं. काहीतरी बोलायला हवं होतं आणि त्याला तसं बोलता येत नसे. ते काम बायकोचं होतं.

बसने गिअर टाकला. तो खिडकीबरोबर दोन पावलं चालला.

“पोचलात की कळवा,” तो म्हणाला.